कोपऱ्यावर थांबलेला बाप

रविवारी दुपारी सिंधुकाकूंच्या घरी क्लाससाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींचे पालक लातूरला डबे घेऊन येत. शिल्पाचे वडील पंढरी गायकवाड देगलूरजवळच्या खेड्यातून, उदगीरला गाडी बदलून येत. गवंडीकाम करणारा माणूस. काकूंच्या हॉलमधल्या सोफ्यावर अगदी कडेला टेकून बसे.

त्यांच्या घरातलं कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. शिल्पाला डॉक्टर व्हायचं होतं. खोली शोधताना "कोणते गायकवाड?" असं विचारून, खरं उत्तर ऐकून, लोकांनी गोड शब्दांत नकार दिले होते. सिंधुकाकूंनीही तेच विचारलं तेव्हा पंढरी म्हणाला, "शेतकरी हाव जी." आणि आयुष्यभर 'जय भीम' म्हणणाऱ्या त्या माणसानं हात जोडून 'राम राम' केला.

खोली मिळाली. तेव्हापासून शिल्पा जपून बोलू लागली. धाकट्या भावाला, नागसेनला, ती काकूंसमोर नागेश म्हणे. क्लासमध्ये उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. आपण इथे चुकून येऊन बसलोय, कधीतरी कुणीतरी उठवेल, असं तिला सतत वाटे. मार्क घसरले. मेहनत कमी पडतेय, असं सर म्हणाले. ती मेहनत कशात खर्च होतेय, हे त्यांना कसं कळावं?

"दादा, लेक लई गरीब बघा तुमची," त्या रविवारी चहा देत काकू म्हणाल्या. "बोलतच न्हाई."

"गावात तोंड बंद व्हत नव्हतं हिचं!" पंढरी हसला. "हिची माय म्हणायची, वकील करा हिला, भांडून तरी खाईल."

काकूही हसल्या. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. नागसेननं हौसेनं लावून दिलेलं, भीमजयंतीच्या मिरवणुकीतलं गाणं. शिल्पानं झडप घालून फोन बंद केला. काकूंनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

फाटकापाशी ती पुटपुटली, "बाबा, आता घरात नका येऊ. कोपऱ्यावर थांबा, मी येते."

"हाव, बाळा. मलाबी त्या सोफ्यावर अवघडल्यासारखंच व्हतं."

एप्रिल लागला. एका रविवारी शिल्पाची क्लासमधली टेस्ट लांबली. कोपऱ्यावर झाड नव्हतं, झेरॉक्सचं दुकान बंद होतं. पंढरी डबा छातीशी धरून उन्हात उभा राहिला आणि तिथेच कोसळला. रिक्षावाल्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, उशीर झाला. कोपऱ्यावरून काकूंचं घर दिसत होतं. घरात कूलर होता, माठ होता.

शिल्पा गावाहून परत आली तेव्हा काकूंचे डोळे खरोखरच भरून आले. "तू कळवलंच न्हाईस गं. दहाव्याला आले असते मी. तेरावं झालं का?"

"आमच्यात दहावं-तेरावं नसतं, काकू. आम्ही बौद्ध आहोत. बाबांचं पुण्यानुमोदन झालं."

काकूंचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. त्या म्हणाल्या, "पण मग उन्हात कशाला थांबायचं? घरात आले असते. मी काय न्हाई म्हणाले असते?"

"नसता म्हणालात?"

काकूंची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. "मला काही न्हाई गं. पण बाकीच्या पोरींच्या घरचे..."

"त्यांचं नका सांगू. तुमचं सांगा."

जिन्यावर मुली थबकल्या होत्या. शिल्पानं आवाज खाली आणला नाही. "मी खोली सोडणार नाही. इथेच राहून परीक्षा देणार. जा म्हणायचं असेल तर कारण तोंडानं सांगा, सगळ्यांसमोर. माझ्या बाबांना तुम्ही पाणी दिलं असतं का, काकू, खरं कळल्यावर?"

शिल्पा उत्तर ऐकायला उभी राहिली.