भांडून पाहिलेलं घर

घर घ्यायचं तर आधी इंजिनिअरला दाखवावं, असं जग म्हणतं. चष्मेवाल्यांच्या सासरी मात्र घर आत्याबाईंना दाखवायची रीत होती, आणि आत्याबाई भिंतीला हातसुद्धा लावत नसत. त्या स्वतःचं स्टूल घेऊन यायच्या, खोलीच्या मधोमध मांडून बसायच्या आणि घर घेणाऱ्या नवराबायकोला म्हणायच्या, "हं, भांडा आता."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गोडगोड बोलणाऱ्यांपुढे घरही गोडच वागतं. दार कसलं आहे ते आपटल्यावर कळतं, भिंत कसली आहे ते ओरडल्यावर, आणि रुसून बसायला कोपरा आहे की नाही हे तर रुसल्याशिवाय कळतच नाही. या पद्धतीनं त्यांनी निम्म्या नातेवाइकांची घरं पास-नापास केली होती. ओघात एक लग्नही नापास झालं होतं.

चष्मे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या या जावयाची अडचण वेगळीच होती. त्याला आणि त्याच्या बायकोला भांडताच येत नव्हतं. त्यांच्या भाड्याच्या खोल्या आणि घरमालकीण यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, आणि मालकीणबाई निकाल देत. सकाळी नळावर भेटल्या की म्हणत, "काल तुमचंच बरोबर होतं हो. शेवटी माघार घेतलीत तेवढं चुकलं." तेव्हापासून दोघं खाणाखुणांनी भांडत. पांघरुणावरून एकदा अख्खी संध्याकाळ हातवारे झाले होते. मोठ्यानं बोलता येईल असं घर मिळावं, एवढंच बायकोचं मागणं होतं. असं एक घर दिसलंही होतं. पण संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, आणि आत्याबाईंनी पास केल्याशिवाय बायको कुठल्याही घराला हो म्हणणार नव्हती.

घर विकणारे आजी-आजोबा साखरेत घोळल्यासारखे होते. "ही म्हणेल तसं," आजोबा म्हणत. "यांनाच विचारा," आजी म्हणत. सगळीकडे ताज्या रंगाचा वास होता.

आत्याबाईंनी स्टूल मांडलं. "भांडा."

चष्मेवाले खाकरले. "काल तू दिवा चालू ठेवलास."

"चुकलंच माझं," बायको पुटपुटली.

"हे भांडण आहे की शोकसभा?" आत्याबाई उठल्या. "पुढची खोली."

स्वयंपाकघरात बायकोनं डोळे वटारले, चष्मेवाल्यांनी बोट नाचवलं, तिनं कोपरापासून हात जोडले.

"तोंडानं," आत्याबाई म्हणाल्या.

तोंडातून काही फुटेना. शेवटी झोपायच्या खोलीच्या दाराशी आत्याबाईंनी ठेवणीतलं काढलं. "जावईबापू, तुमच्या आईचं ते आरशाचं कपाट इथं मावेल का हो?"

"मावेल की."

"ते कपाट या घरात येणार नाही," बायको म्हणाली.

चष्मेवाले दचकले. बायकोला एवढा आवाज आहे हे ते विसरूनच गेले होते. चांगला भरदार होता.

"येणार," ते म्हणाले, आणि आवेशात खोलीत शिरून त्यांनी दार धाडकन लावलं.

चौकटीवरचं प्लास्टर भसकन खाली आलं. मागच्या विटा ओल्याचिंब होत्या. जाडजूड सागवानी दार असं रुतून बसलं की खांदा लावला तरी हलेना. आणि मग शांतता. बाहेर चिटपाखरू नसावं तशी. सगळे कंटाळून निघून गेले, असं समजून चष्मेवाले फरशीवर बसले.

ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते विटांनाच सांगू लागले. आधी पांघरूण. मग दिवा. मग मेव्हण्याच्या लग्नात आपल्याला फोटोच्या कडेला उभं केलं होतं ते. आवाज चढत गेला. शेवटी ते घसा ताणून ओरडत होते, आणि कुठल्याही भिंतीवर टकटक झाली नाही.

बऱ्याच वेळानं आजोबांनी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून दार उघडलं. त्यांचे कान लाल झाले होते. आजी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. बायकोचा घसा बसला होता.

"बाहेरचंही प्लास्टर पडलं," आत्याबाईंनी सांगितलं. "आजी आजोबांना म्हणाल्या, 'नुसता रंग फासू नका म्हणून मी घसा कोरडा केला होता.' झालं. आजोबांनी बाथरूमच्या फुटक्या पाइपचा विषय काढला, आजींनी गळक्या छताचा. दोघं एकमेकांच्या चुका सांगत होती, मी घराच्या मोजत होते. घर नापास."

"आणि मीही काही ठेवलं नाही," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दाराला तोंड लावून इतक्या वर्षांचं सगळं काढलं. ऐकलंत ना?"

"एक शब्द नाही."

"काहीच नाही?"

"अगं, मीही आत ओरडत होतो. तुला ऐकू आलं?"

बायकोनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं हातभर जाडीच्या त्या भिंतीकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर तिनं चष्मेवाल्यांकडे फार वेळा पाहिलं नव्हतं.

आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला हात लावला. "ओल काढता येते," त्या म्हणाल्या. "अशी भिंत आता कुणी बांधून देत नाही. घ्या."

आजोबा अवघडून पुढं आले. "ताबा जरा उशिरा दिला तर चालेल का? आमचं स्वयंपाकघरातलं भांडण अजून व्हायचंय."

"आणि कपाट?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

बायको ओल्या विटांकडे बघत विचार करत होती. "इथं ठेवू. ओल जाईपर्यंत या विटा झाकल्या तरी जातील."

"ठेवा," आत्याबाई स्टूल उचलत म्हणाल्या. "पण ओल गेली नाही आणि घर विकायची वेळ आली, तर बघायला येणाऱ्यांपुढं दोघं गोड राहा म्हणजे झालं."