मागची सीट

ज्याला कल्पेशने गाडी विकली नाही असं गिऱ्हाईक वारूळवाडीच्या त्या शोरूमची पायरी अजून चढायचं होतं. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं, आणि कल्पेशचं स्वतःविषयीचं मत कधी लहान नसे.

शोरूम त्याच्या काकांचं, रूपचंदशेठचं. घराण्याचा धंदा कापडाचा, पण काकांनी वेळेवर वारं ओळखलं आणि ठाणं मोटरसायकलींवर हलवलं. कल्पेशने मापपट्टी खाली ठेवली आणि तो थेट साडेतीनशे सीसीच्या लाल स्पोर्ट गाडीशेजारी येऊन उभा राहिला. माणूस गाडी का घेतो हे त्याला तोंडपाठ होतं. ओतूरची पोरं आवाजासाठी घेत. अवसरीच्या कॉलेजातली फोटोसाठी घेत, आणि फोटो काढून झाले की पेट्रोलसाठी वर्गणी काढत. कळंबच्या एका बागायतदाराने तर शेजाऱ्याने घेतली एवढ्यावरच घेतली. त्याची गाडी अजून गोठ्याला लागून ताडपत्रीखाली उभी होती. गिऱ्हाईक चपला काढतंय तोवर कल्पेश त्याचं कारण ओळखे, आणि तेच कारण चार गोड शब्दांत घालून त्याला परत करी.

“वळणावर अशी झोपते ना राव, मांजरासारखी!” तो डोळे मिटून सांगे. “सहाव्या गिअरला माळशेजचा वारा कानात गातो. अहो, गाडी नाही ही, लोणी आहे लोणी.”

एक बारीकशी गोष्ट मात्र होती. कल्पेशला मोटरसायकल चालवता येत नव्हती.

हसू नका, असं होतं. सायकलवरून तो स्कूटरवर आला, स्कूटरला गिअर नसतात, आणि स्कूटरवरून थेट शोरूममध्ये. पहिल्याच आठवड्यात तो इतकं सुरेख बोलला की तुला येते का, हे विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आज शिकू, उद्या शिकू म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. आता शिकायचं तरी कोणाकडे? ज्याच्याकडे अख्खा तालुका सल्ला घ्यायला येतो त्याने क्लच कसा सोडायचा हे कुणाला विचारायचं? गिऱ्हाइकाला मागे बसवून फेरी मारायची वेळ आली की तो जानकू मिस्त्रीला हाक मारी आणि आपण दारात उभा राहून पसंतीची मान हलवी. स्वतः स्कूटरवर का येतो असं कुणी विचारलंच, तर “मिठाईवाला घरी मिठाई खातो का?” म्हणून हसून मोकळा होई.

हे असंच निभावलं असतं. पण काका अक्षय्यतृतीयेला मंचरला दुसरं शोरूम उघडणार होते, आणि तिथल्या खुर्चीवर कुणाला बसवायचं ते ठरायचं होतं. काकांचा मुलगा पारस हिशेबाला पक्का, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून काकांचा कल पुतण्याकडे होता. कल्पेशला ती खुर्ची हवी होती, आणि नुसती हवी नव्हती, फार हवी होती. मंचरच्या दुकानात आपलं टेबल कुठल्या बाजूला राहील हेसुद्धा त्याने मनात पक्कं करून टाकलं होतं.

अशात एका सकाळी स्नेहल आणि तिची सासू कुशाबाई आत आल्या. अवसरी बुद्रुकला त्यांची टोमॅटोच्या रोपांची रोपवाटिका. रोपं विकायची आणि मग ती लोकांच्या वावरात कशी लागलीत ते बघत दोघींनी गावोगाव हिंडायचं, असा त्यांचा शिरस्ता. आजवर सासऱ्यांची, धर्माजींची, जुनी गाडी पुरली. आता ती जागोजागी बंद पडू लागली होती. स्नेहल तिशीची, पायात बूट, बोलणं मोजकं. ती स्कूटरच्या रांगेकडे ढुंकूनही न बघता लाल गाडीपाशी जाऊन उभी राहिली. लायसन दाखवलं, किल्ली घेतली आणि हायवेला एक चक्कर मारून आली. उतरली तेव्हा तिचा चेहरा तांबूस झाला होता.

“मांजरासारखी झोपते ना, ताई?” कल्पेशने सुरुवात केली.

“मांजर-बिंजर काय न्हाई, भाऊ,” स्नेहल म्हणाली. “हळू चालवली की रुसती. सगळं अंग पुढं वाकतंय, गर्दीत मनगटं भरून येत्यात, इंजनाची ऊब मांडीला लागती. पण जरा मोकळी सोडली ना, की मग तिच्यासारखी तीच. वळणावर आपण जिकडं बघू तिकडं जाती. आमच्या जुन्या गाडीला वळायला सांगावं लागतं. हिला नुसतं बघावं लागतं. म्हणून हीच पायजे. दुसरं काय कारण न्हाई.”

पाच वर्षांत एवढी माहिती कल्पेशला कुणी दिली नव्हती. पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्याने ती लगेच मनात बांधून ठेवली, कारण तो शेवटी व्यापाऱ्याचा पोरगा होता.

“तुझं झालं,” कुशाबाई म्हणाल्या. “माझं काय? म्या हितं बसायचं? ही सीट हाय का पाट?”

“मावशी, सोफा आहे सोफा!” कल्पेशची जीभ सुटली. “आमची आजी झमकूबाई, ऐंशीला टेकलीये, बसते की माझ्या मागे. परवाच भीमाशंकरला नेऊन आणली.”

“ऐंशीची म्हातारी बसती?” कुशाबाईंनी पदर खोचला. “मग मी का न्हाई बसायची? चल दादा, बसव मला. एक चक्कर मारू. बसाय आलं तर घेऊ, न्हाई तर आपली स्कूटर.”

“स्नेहलताई नेतील की तुम्हाला,” कल्पेश म्हणाला.

“नको,” स्नेहल म्हणाली. “मला बाहेरनं बघायचंय. आत्याचे पाय कुठं येतात, पदर चाकाकडं जातो का, ते चालवताना कसं दिसणार? तुमी न्या.” सासूला ती आत्या म्हणायची.

“जानकू!” कल्पेशने सवयीने हाक मारली. आतून कुणीतरी सांगितलं की जानकू गावच्या यात्रेला गेलाय. चैत्रात गावोगावी बैलगाडे पळायला लागले की या भागात मिस्त्री जागेवर सापडतो होय! काचेच्या दाराशी रूपचंदकाका कौतुकाने बघत उभे होते. घरचा पोरगा जातीने गिऱ्हाइकाला फिरवतोय, यापरता आनंद कोणता? बाजूला ओतूरची दोन पोरं गाडी बघायला आली होती, त्यांनी मोबाईल बाहेर काढले.

गाडी शोरूमशेजारच्या अंगणात आणली. कल्पेश हेल्मेट घालून बसला. कुशाबाईंना दुसरं हेल्मेट घातलं, आणि मग त्यांचं चढणं सुरू झालं. मागची सीट चांगली छातीएवढी वाटावी अशी. नऊवारीचा काष्टा होता म्हणून निभावलं. एक हात कल्पेशच्या खांद्यावर, दुसरा सुनेच्या डोक्यावर, दोनदा घसरल्या, एकदा “आगं आई गं” झालं, आणि तिसऱ्या खेपेला त्या वर जाऊन बसल्या. बसल्या त्या अशा, की जणू आता त्यांना कुणी उठवू नये.

कल्पेशने बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं. पहिला गिअर खाली, बाकीचे वर, हे त्याला झोपेत विचारलं तरी येत होतं. त्याने पाय दाबला आणि गाडी बंद पडली. स्टँड खालीच होता. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, केवढी ही सुरक्षितता, असं तो रोज चारजणांना सांगायचा. त्याने स्टँड वर केला, पुन्हा बटण दाबलं, क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि परत थंड झाली. कुशाबाईंचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आदळलं.

“दादा,” मागून आवाज आला, “तुला येती का रं गाडी?”

‘बॅटरी उतरलीये’ हे शब्द कल्पेशच्या ओठांवर तयार होते. सगळ्यांना पटलेही असते. दुसरा रस्ता म्हणजे जरा जास्त गॅस देऊन सोडायची. गाडी निघाली असती नक्की, पण फाटकाबाहेर हायवे होता आणि त्यावरून टोमॅटोच्या पिकअप सुसाट पळत होत्या. कुशाबाईंनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले होते. पोटच्या पोराच्या मागे बसावं तशा निर्धास्त बसल्या होत्या. त्या हातांची कल्पेशला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच बोलण्याची भीती वाटली.

“नाही येत, मावशी,” तो हळूच म्हणाला.

“काय?” हेल्मेटमध्ये कुशाबाईंना काही ऐकू येईना.

“मला येत नाही.”

“आरं मोठ्यानं बोल की!”

“मला गाडी येत नाही!” कल्पेश ओरडला. “पाच वर्षांत एकदाही चालवली नाही!”

अंगणात गाड्या धुणाऱ्या वॉशिंगवाल्याने पाइप तसाच धरून ठेवला. ओतूरच्या पोरांचे मोबाईल मात्र इमानाने चालू होते. काचेच्या दारातले काका बाहेर आले.

“मग ती ऐंशीची म्हातारी?” कुशाबाईंनी विचारलं.

“आजी रिक्षात बसायलासुद्धा घाबरते.”

कुशाबाई हसायला लागल्या. त्या अशा हसल्या की गाडी गदगदली आणि स्नेहलला पळत येऊन हँडल धरावं लागलं. “आत्या, उतरा खाली,” ती म्हणाली.

“मी न्हाई उतरायची,” कुशाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “चढताना माझा जीव गेला. उतरले तर परत चढायची न्हाई. हितं काय वाघ येतोय? हे पोरगं शिकंल तवर मी हाय बसलेली. शिकव त्याला.”

कल्पेशला वाटलं, उतरावं आणि कुठेतरी तोंड लपवावं. पण मागे माणूस बसलेलं असताना उतरता येत नाही, हेही त्याला त्याच क्षणी नव्याने कळलं.

“फाटक लावा रं,” स्नेहलने वॉशिंगवाल्याला सांगितलं आणि कल्पेशच्या डाव्या हाताशी उभी राहिली. “गॅस देऊच नका. नुसता क्लच. बोटाबोटानं सोडा. ती आपली आपण सरकंल. उडी मारती ती तुमी घाई करता म्हणून.”

त्याने क्लच सोडला. बंद पडली. पुन्हा सोडला. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी बोटांखाली काहीतरी लागलं, दोरीला बादलीचं वजन लागावं तसं. त्याने हात तिथेच थांबवला, श्वासही थांबवला, आणि गाडी सरकली.

सरकली म्हणजे बैल चालतो तितक्या चालीने. पण सरकली. गुडघ्यांमध्ये धरलेली टाकी थरथरत होती आणि ती थरथर त्याच्या मणक्यातून वर चढत होती. मनगटांवर भार आला. स्नेहल खरं सांगत होती, मनगटं दुखतात. मांडीला ऊब लागली. तेही खरं होतं. समोर कंपाउंडची भिंत आली, कल्पेश घाबरून भिंतीकडे बघू लागला आणि गाडी सरळ भिंतीकडेच निघाली.

“भिंतीकडं बघू नका!” स्नेहल बाजूने पळत ओरडली. “जायचंय तिकडं बघा! लिंबाकडं बघा!”

कल्पेशने मान फिरवली, अंगणाच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाकडे बघितलं, आणि ती वळली. कुणी न सांगता, न ओढता, एवढी वजनदार गाडी मागच्या कुशाबाईंसकट अलगद वळली. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. त्याला रडू येतंय की हसू हे त्याला कळेना, आणि कळून घ्यायला सवडही नव्हती, कारण पुढे पुन्हा भिंत आली होती. तो पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला आणि गाडी तिकडे जात राहिली. दोन चकरा झाल्या, चार झाल्या. ओतूरची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली.

शेवटी तो स्नेहलसमोर येऊन थांबला. या खेपेला गाडी बंद पडली नाही. क्लच दाबून धरलाय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं.

“कसं वाटलं, आत्या?” स्नेहलने विचारलं.

“सीट नुसती फळी हाय,” कुशाबाई म्हणाल्या. “पण उंचावरनं दिसतंय लई झ्याक. पार त्या मळ्यातली टोमॅटो दिसली मला, कुणाची हायेत, पिवळी पडल्यात. मंचर-कळंबपत्तूर बसंल मी. लांब जायचं आसंल तर आपली एसटी. घे हीच.”

मग काका पुढे आले. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता की रागाने, ते सांगणं अवघड होतं.

“पाच वर्षं,” ते म्हणाले. “पाच वर्षं तू मला उल्लू बनवलंस.”

“हो, काका,” कल्पेश म्हणाला.

“आज संध्याकाळी सगळ्यांना सांगणार होतो मी, मंचरला कल्पेश बसेल म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगू? ही पोरं बघ, दुपारच्या आत हा व्हिडिओ जुन्नर-आंबेगावात घरोघर पोचवतील. लोक म्हणतील, शेठच्या दुकानात नुसती तोंडं चालतात. पारसला बोलता येत नाही, पण निदान खोटं तरी बोलत नाही तो.”

ते कल्पेशला लागलं. जिथे लागायचं तिथेच लागलं. एरवी त्याने काकांना तासभर बोलून गार केलं असतं, आणि शेवटी काकांनीच त्याला चहा पाजला असता. आता तो अंगणातल्या मोकळ्या जागेकडे बघत होता. खालून इंजिनाची धग येत होती, डाव्या हाताची बोटं क्लच धरून होती, आणि मागे कुशाबाई पदर सावरून पुन्हा नीट बसत होत्या.

“मंचरचं तुम्ही ठरवाल ते ठरवा, काका,” तो म्हणाला. “पण आधी जरा बाजूला व्हा. मला दुसरा गिअर टाकायचाय.”