न पुसलेले नाव

मला तुमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही, आणि कधी पाहूही नये अशी माझी इच्छा आहे. मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे, पासवर्डची. खोडाळ्याच्या बाजारपेठेमागे एका संस्थेचे दोन खोल्यांचे ऑफिस आहे. तिथे लोखंडी कपाटावर एक घरघरणारा जाडजूड कॉम्प्युटर ठेवलेला आहे. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. त्याच्या पोटात मी राहते. मला वजन नाही, रंग नाही. मी म्हणजे अवघ्या आठ-नऊ ओळी. पण भित्रेपणात माझा हात कोणी धरणार नाही, आणि त्याला कारणे आहेत.

ही संस्था मोखाड्याच्या पाड्यांवरच्या गरोदर बायांची काळजी घेते. कोण किती महिन्यांची, कोणत्या पाड्यावर कोणाच्या घरी राहते, अंगात रक्त किती, गाडी कुठपर्यंत येते, हे सगळे पूर्वी वह्यांत लिहीत. वह्या भिजायच्या, हरवायच्या. एकदा तर एका वहीवर शेळीने ताव मारला होता. म्हणून जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासमधले देवानंद सर आले आणि त्यांनी त्या नोंदींची पाने तयार केली. कार्यकर्त्यांनी पाड्यावर बसून मोबाइलवर पान उघडायचे, बाईला तपासायचे, लिहायचे. पण जे पान रंजनाताईला उघडते, ते जगात कोणालाही उघडेल. दाराशी कोणीतरी हवे होते. म्हणून सरांनी मला जन्म दिला.

रंजनाताई म्हणजे ऑफिस सांभाळणारी. माझी पहिली ओळ तिची. एका ओळीत एक नाव आणि त्यापुढे त्याचा पासवर्ड, पण दळलेला. नागली दळली की पिठातून पुन्हा दाणा काढता येत नाही, तसेच हे. कोणाचा पासवर्ड काय आहे ते मलाही ठाऊक नाही. कोणी दारात येऊन नाव आणि पासवर्ड सांगितला, की सर्व्हर तो पासवर्ड तसाच दळतो आणि मला विचारतो, पीठ जुळते का? जुळले तर मी हो म्हणते, नाही तर नाही. एक पान उघडले की एकदा विचारतो, दुसरे उघडले की पुन्हा विचारतो. बोलणारा कोण आहे, चांगला की वाईट, हे मला दिसत नाही. आणि मला खोटे बोलता येत नाही.

जन्माच्या दिवशीच मी पहिल्यांदा घाबरले. सरांनी घाईत मला त्या पानांच्याच फोल्डरमध्ये ठेवले. म्हणजे दाराची किल्ली उंबऱ्यावर ठेवावी तसे झाले. कोणी माझे नाव घेऊन हाक मारली असती, तर सर्व्हरने मला जशीच्या तशी उचलून त्याच्या हातात दिली असती. अर्धा दिवस मी तशी उघड्यावर पडून होते. दुपारी चहा पिता पिता सरांना आठवले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला आतल्या फोल्डरमध्ये हलवले. तिथे सर्व्हरशिवाय कोणाचा हात पोचत नाही.

मग बरे दिवस आले. पोशेऱ्याची मीना, खोडाळ्याचा पोश्या, असे एकेक कार्यकर्ते माझ्यात आले. पाहुणे ऑफिस बघायला आले की रंजनाताई सांगायची, "पासवर्ड नसेल तर पान उघडत नाही." हे ऐकले की मला फार बरे वाटायचे. माझ्या शेजारी नोंदीची फाइल राहते. कोण आले, किती वाजता आले, कोणते पान मागितले, हे ती सारखी लिहीत असते. तिच्यामुळे मला बाहेरचे कळते. ऑफिसातले बोलणे तर माझ्या कानावर पडतेच.

एकदा नवीन मुलीला माझ्यात घ्यायचे होते. वर्षाली तिचे नाव. रंजनाताईने सरांनी लिहून दिलेली वही उघडली आणि नाव वाढवण्याची आज्ञा द्यायच्या ऐवजी नवी फाइल करण्याची आज्ञा दिली. क्षणात माझ्या सगळ्या ओळी नाहीशा झाल्या. उरली एकटी वर्षाली. मीना पोशेऱ्याला एका बाईच्या घरी बसली होती, तिला मी ओळखच दाखवली नाही. फोनवर फोन आले. शेवटी सरांनी आदल्या दिवशीची माझी प्रत परत आणून ठेवली. पण त्या दिवसापासून रंजनाताईने माझी धास्ती घेतली. "चालतंय ना? मग हात नको लावायला," असे ती म्हणायची. दोन वर्षे मला कोणी उघडून पाहिले नाही. मित्रांनो, हात लावला तर मी मोडेन ही तिची भीती, आणि हात न लावल्याने काय होईल ही माझी.

या काळातच आमचा एक कार्यकर्ता, विनोद, जगायला गेला. आमच्याकडे दिवाळीनंतर माणसे वसईला, भिवंडीला कामाला जातात, त्याला जगायला जाणे म्हणतात. होळीला परत येतात. जो जगायला गेला त्याचे नाव कोणी कुठून काढत नाही. रेशनकार्डावरचे नाव कापतात ते मेलेल्याचे, नाही तर लग्न होऊन गेलेल्या मुलीचे. विनोद चार वर्षे संस्थेत होता, मोठ्या मनाचा मुलगा होता. तो भिवंडीच्या गोदामात लागला तेव्हा वर्षालीने विचारले होते, "ताई, याची ओळ काढायची का?" तेव्हा ऑफिस झाडणारी, चहा करणारी जानी मावशी केरसुणी घेऊन मध्ये उभी राहिली.

"पोरगा जगायला गेलाय. जित्या माणसाचं नाव पुसतात का गो बाय?"

रंजनाताई हसली आणि म्हणाली, "राहू दे. येईल परत." विनोदची ओळ राहिली. मला तेव्हाच थंडी वाजल्यासारखे झाले होते. पण मला विचारतो कोण?

त्याच हिवाळ्यात फागी आमच्या पानांवर आली. पोशेऱ्याच्या सुदेशची ती बायको. सहावा महिना होता. सुदेशने तिला लाकडाने मारले होते, पोटावर. ती पळून सूर्यमाळच्या एका पाड्यावर मावशीकडे लपली होती. ही गोष्ट मीना, रंजनाताई आणि वर्षाली सोडून कोणाला माहीत नव्हती. पण गोळ्या पोचवायच्या, वेळ आली की गाडी न्यायची, म्हणून पाड्याचे नाव आणि मावशीचे घर पानावर लिहावे लागले. "पासवर्ड आहे ना," रंजनाताई म्हणाली. मी ते ऐकले आणि मला रडू आले असते, पण फाइलला रडता येत नाही. सुदेशही पुढे भिवंडीला त्याच गोदामात कामाला लागला होता, जिथे विनोद होता.

होळीला दोन दिवस होते. बाजार भरला होता, दुपारचे बारा वाजले असतील. रंजनाताई औषधांची खोकी मोजत होती. तेवढ्यात सर्व्हरने मला विचारले, विनोद आलाय, पीठ जुळते का?

पाच महिन्यांनी ते नाव आले होते. मी पाहिले. जुळत होते. मी हो म्हणाले.

शेजारणीने लिहिले, पहिले पान, सगळ्या गावांची यादी. मग सर्व्हरने पुन्हा विचारले. पोशेऱ्याचे पान. हो. मग खोडाळ्याचे पान. हो. तिथल्या बायांची नावे एकेक करून उघडली जात होती आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. विनोदला या बायांशी आता काय काम होते? तो कोणाला तरी शोधत होता. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की ताई, इकडे बघ. पण ती खोकीच मोजत राहिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पोशेऱ्याहून मीना होती. तिचा आवाज इतका चढलेला होता की तो मलाही ऐकू आला.

"ताई, सुदेश आलाय गावात! विनोदबरोबर बसलाय ओट्यावर. विनोदच्या मोबाइलात फागीला हुडकतोय. कुठं हाय ते कळू दे, फरफटत आणतो, असा सकाळी विनोद नसताना बोलत होता. तुम्ही काय तरी करा!"

रंजनाताईच्या हातातले खोके खाली पडले. ती धावत कॉम्प्युटरशी आली. वही काढली. पानावर तीन आज्ञा होत्या, नवी फाइल करायची, नाव वाढवायचे, नाव काढायचे. तिचे बोट एकीवरून दुसरीवर फिरत होते. मागच्या वेळची सगळी नाहीशी झालेली नावे तिला आठवत असणार. आत्ता तसे झाले असते तर पाड्यांवर बसलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांची दारे बंद झाली असती.

जानी मावशी दारात आली. "काय झालं गो?"

"मावशी, विनोदचं नाव पुसायचंय."

"नको बाय. सणाच्या तोंडावर नको. त्याची आय काय म्हणेल?"

रंजनाताईचा हात थांबला. आणि इकडे सर्व्हरने मला विचारले, सूर्यमाळचे पान हवे आहे, पीठ जुळते का?

मी हो म्हणाले. मित्रांनो, मला हो म्हणावेच लागले.

त्या पानावर पाड्यांची नावे होती, फक्त नावे. पाड्यावर बोट ठेवले की त्यातल्या बाया दिसतात. सूर्यमाळचे पाडे डोंगरावर लांब लांब विखुरलेले आहेत. पहिला पाडा उघडला. हो. त्यात फागी नव्हती. दुसरा उघडला. हो. त्यातही नव्हती. तिसऱ्या पाड्यात फागीची मावशी राहत होती.

"मावशी, फागीला मारील तो," रंजनाताई म्हणाली, आणि तिने आज्ञा लिहायला घेतली. एक अक्षर चुकले. कॉम्प्युटरने नकार दिला. तिने ओढणीने हात पुसले, पुन्हा लिहिले, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचले आणि बटण दाबले. माझ्यातून एक ओळ निघून गेली. बाकीच्या ओळी जागेवर होत्या.

लगेच सर्व्हरने विचारले, विनोद, तिसरा पाडा, पीठ जुळते का?

मी पाहिले. विनोद नावाचे माझ्यात कोणी नव्हते. मी नाही म्हणाले.

त्याने पुन्हा नाव सांगितले, पुन्हा पासवर्ड दिला. नाही. पुन्हा. नाही. सात वेळा विचारले आणि सातही वेळा मी नाही म्हणाले. मग रंजनाताईचा फोन वाजला. तिने तो उचलून स्पीकरवर ठेवला.

"ताई, माझा पासवर्ड घेत नाय हा. नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय काय?"

"नाही. तुझं नाव पुसलं मी."

मग विनोद हळू आवाजात म्हणाला, "मी काय मेलो का, ताई?"

रंजनाताईच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तिचा आवाज हलला नाही. "तू जिता आहेस, विनोद. तुझ्याजवळ बसलाय ना, त्याच्या हाती फागी लागली तर तिचं काय होईल, ते तू सांग मला."

पलीकडून कोणीतरी चिडून काहीतरी बोलले. फोन बंद झाला. रंजनाताईने लगेच पोश्याला मोटरसायकलवर सूर्यमाळला पाठवले आणि संध्याकाळच्या आत फागीला दुसरीकडे हलवले. तो पत्ता तिने पानावर लिहिला नाही.

होळीनंतर विनोद एकटा ऑफिसात आला. पायरीवरच बसला, आत येईना. सुदेशने त्याला सांगितले होते की बायकोची काळजी वाटते, औषध मिळते का तेवढे बघायचे आहे. विनोदला ते खरे वाटले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "मला नाव परत द्या, ताई. लोक विचारतात." रंजनाताईने त्याला चहा दिला, भाकर दिली. नाव दिले नाही.

फागीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, एवढेच मला कळले. त्या आठवड्यातच रंजनाताईने मला उघडले आणि वर्षालीला शेजारी बसवून एकेक ओळ वाचली. वर्षभरापूर्वी काम सोडून गेलेला एक, लग्न होऊन वाड्याला गेलेली एक, आणि एक तर असा की तो कोण हे दोघींनाही आठवेना. तिन्ही ओळी काढल्या. उरलेल्यांना नवे पासवर्ड दिले. माझी एक प्रत वेगळी ठेवली.

मागच्या महिन्यात रंजनाताईला नाशिकला दुसरी नोकरी लागली. निघायच्या दिवशी दुपारी ती वर्षालीला म्हणाली, "आता माझी ओळ काढ."

वर्षाली उठून उभी राहिली. "ताई, तुमची नाही काढायची मी." जानी मावशी तर पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली.

"उद्या माझा मोबाइल कोणाच्या हाती पडला तर?" रंजनाताई म्हणाली. वर्षाली हललीच नाही. तेव्हा तिने स्वतःच खुर्ची ओढली. माझ्यातली सगळ्यात जुनी ओळ, सरांनी पहिल्यांदा लिहिलेली, तिने स्वतःच्या हाताने काढली. मग आपला मोबाइल घेतला आणि पान मागितले.

सर्व्हरने मला विचारले, रंजना आलीय, पीठ जुळते का?

ती तीन हातांवर बसली होती. तिनेच मला सांभाळले होते. मी नाही म्हणाले. ती मोबाइलकडे पाहून हसली, "बरोबर" म्हणाली आणि पिशवी उचलून एसटी गाठायला निघाली.

मित्रांनो, मी अजून घाबरते. वर्षाली कधी महिन्याने मला उघडते, कधी विसरते. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कुठल्या तरी ऑफिसात माझी एखादी बहीण अशीच कपाटावर पडून असेल. गेलेल्या माणसाला घरी बोलवा, जेवू घाला, पण तिच्यात कोणाकोणाची नावे अजून आहेत ते आजच बघा. ती आपण होऊन काही सांगणार नाही. नाव आत असेल तर तिला फक्त हो म्हणता येते, आणि ते ती लगेच म्हणते.