दाखला मिळेपर्यंत

फरशी बसवणाऱ्या एका माणसाने स्वतःचं घर तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी बांधत आणलं होतं. घरमालकाने भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या, तेव्हा घर अजून अर्धवट होतं. वरच्या खोल्या तेवढ्या राहण्याजोग्या झाल्या होत्या. जिन्याला कठडा नव्हता.

नगरपालिकेचा तपासनीस एकदा येऊन गेला होता. "कठडा बसवा, मग राहण्याचा दाखला देतो," तो म्हणाला होता. "तोवर कुणी राहताना दिसलं तर घराला सील लागेल."

जायला दुसरी जागा नव्हती. नवरा, बायको आणि त्याची आई गुपचूप राहायला आले. कपडे आत वाळत घालायचे, कुणी विचारलं तर सामान राखायला आलोय म्हणायचं.

दहाव्या दिवशी सकाळी आई बादली घेऊन खाली उतरत होती. तिचा तोल गेला आणि ती जिन्याच्या उघड्या बाजूने थेट खालच्या काँक्रीटवर पडली.

तो धावत आला. ती शुद्धीवर होती. "कंबरेखाली काही कळत नाही रे," ती म्हणाली.

बायकोने फोन हातात घेतला. "हलवू नका त्यांना. ॲम्ब्युलन्स बोलावते."

"इथे नको. रस्त्यावर बोलाव."

"अहो, पाठीला लागलंय त्यांच्या."

"इथे आली तर घर गेलं आपलं."

त्याने आईला दोन्ही हातांवर उचललं. तिने ओठ घट्ट दाबून धरले. फाटकाबाहेर त्याने तिला रस्त्याच्या कडेला ठेवलं. बायको उशी घेऊन मागून आली, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर यांना कुणी हलवलं का?"

आईच म्हणाली, "नाही. रस्त्यात पाय घसरला. होते तिथेच पडून होते."

नंतर त्याने डॉक्टरांना बाहेर गाठलं. "समजा, हलवलं असतं तर?"

"तर जास्त इजा झाली असती. किती, ते आता सांगता येणार नाही."

त्याच आठवड्यात कठडा बसला. तपासनीस आला, फरशीचं काम बघून खूश झाला आणि सही करून गेला. आई महिन्याने घरी आली. पाय गेले ते गेलेच.

एका दुपारी तो तिच्या पलंगाशी बसला.

"तू डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस?"

"खरं सांगून पाय आले असते का?"

"माझ्यामुळे गेले असतील, आई."

ती छताकडे बघत राहिली. "असतील," ती म्हणाली. "आता तो विषय नको."

बायको आत आली. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. "खांदे धरा," ती त्याला म्हणाली. तिने कंबर धरली आणि दोघांनी मिळून आईला भिंतीकडे वळवलं.