तानबिनच्या दारातले माठ

तानबिन गावात त्या सकाळी पश्चिमेच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी शोधणारा बुवा ऊ झेया दारोदारच्या माठातलं पाणी पीत, आशीर्वाद देत चालला होता. अर्ध्या गावाच्या विहिरी खाऱ्या. पण या सिद्धपुरुषाने काठी आपटली तिथे दर वेळी गोडंच पाणी लागलं होतं.

"पाताळातला नागराज बोलला का, सयाजी?" सयाजी, म्हणजे गुरुजी, अशी हाक मारत एकाने विचारलं.

"बोलतो की! पण पुटपुटतो. तुमच्या कानांना झेपायचं नाही."

मा सांदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शहरात भूजलाचं काम करायची. इथे तिची आई, दॉ न्यो, बैलजोडी देऊन या बुवाला दूरच्या माळावर विहिरीची जागा दाखवायला नेणार होती. बैल गेले की शेती बसलीच.

"आई, अजून थांब गं."

"तू काढून देतेस पाणी? नाही ना? मग गप बस."

ऊ झेया तिसऱ्या माठापाशी थबकला. पुन्हा एक घोट घेतला. सांदाचा जीव टांगणीला लागला. याला संशय आला तर?

तो हसला आणि काठी दाणकन आपटली. "इथेच खणा! खाली अमृत आहे!"

मग घरची बाई फिसकन हसली. "अहो सयाजी, मागे आमची विहीर आहे. तिच्या पाण्याला म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत!"

"माठात आज पूर्वेच्या गल्लीतलं पाणी आहे," सांदा म्हणाली. "पहाटे आम्हीच भरलं. वाटसरूसाठी दारात आपल्याच विहिरीचा माठ ठेवायची आपली रीत. नागराज कसला, माठ गोड लागला की हा तिथे काठी आपटतो; आपणच याला उत्तर पाजत होतो!"

तिने मातीवर गावातल्या विहिरी मांडल्या. गोडीला पांढरा खडा, खारीला काळा. पांढऱ्यांचा वळणदार पट्टा उमटला.

"ही जमिनीखाली गाडली गेलेली जुनी नदी. तिच्या वाळूचा खडक झाला, त्यात गोडं पाणी. म्हणून शेजारच्या विहिरी सारख्या. लांब जावं तसं साम्य विरतं, आणि कुठवर टिकतं ते मोजता येतं. इथे ते गावाबाहेरच्या ताडांच्या रांगेपर्यंतच."

ऊ झेया गर्दीतून काढता पाय घेत होता. दॉ न्योने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मग माझ्या माळावर पाणी आहे का, पोरी?"

"माहीत नाही, आई. माळ ताडांच्या फार पलीकडे आहे. आधी बारीक भोक पाडून बघू."

"हा तर छातीठोक सांगत होता."

"म्हणूनच संशय घ्यायचा. खरं सांगणारा आपण कुठे चुकू शकतो तेही सांगतो. ते विचारल्याशिवाय कुणाला काही देऊ नकोस."

दॉ न्यो खड्यांजवळून उठली. घरी जाऊन तिने बुवाला द्यायला बाहेर काढलेल्या बैलांना पाणी दाखवलं आणि पुन्हा गोठ्यात बांधलं.