गाण्यातली रिकामी जागा

बँडच्या कार्यक्रमाच्या दारावरच्या माणसानं ताईच्या मनगटावर मारलेला शिक्का कसा ठसठशीत उमटला होता—जांभळा, गोल, कडेची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतील असा. आणि धाकटीच्या मनगटावर नुसता एक डाग, मार बसल्यावर काळंनिळं पडतं तसा. शाई संपत आली असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. पण ती नेमकी ताईनंतरच का संपावी? लहानपणापासून हे असंच... खिडकीजवळची खाट ताईची, नवा फ्रॉक आधी ताईचा, आणि पाहुणे आले की गाणं म्हणून दाखवायचं तेही ताईनंच. धाकटीनं तोंड उघडलं की आई म्हणायची, "तू राहू दे गं, तुझा घसा बसलाय." घसा बसलेला नसायचा. घसा तसाच होता.

म्हणून तर हा बँड तिचा होता.

टायरच्या गोदामावरचा हा हॉल, रबराचा वास, रविवारची दुपार. गाणारा आठवडाभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करणारा प्लंबर, ड्रमवर शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, आणि गिटारवर लंबू, ज्याचं डोकं वरच्या दिव्याला लागेल की काय अशी अजून भीती वाटायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा ऐकणारे इतके थोडे होते, की लंबूनं स्वतः खाली उतरून रिकाम्या खुर्च्या उचलल्या होत्या. तेव्हापासून तिनं एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं—मूठ वळा, हं, सोडा आता—आणि रविवारी इथं येऊन खांबाला पाठ टेकायची. मग ड्रम सुरू झाला की तो आधी कानांत नाही, पोटात वाजायचा, बरगड्यांच्या आतून कुणी कडी वाजवावी तसा. त्या दोन तासांत ती कुणाची धाकटी नसायची.

आणि आज सकाळी आई म्हणाली, "ताईलाही ने ना तुझ्याबरोबर. आल्यापासून खोलीबाहेर पडलेली नाही."

ताईच्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता, आणि ताई एका सुटकेसनिशी परत आली होती. तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं—फक्त वाईट वाटून झालं की तळाशी गाळासारखं काहीतरी उरायचं. घरात पुन्हा सगळे ताईच्या खोलीच्या दाराकडे बघत हळू चालू लागले होते.

"तिथं फार आवाज असतो," धाकटी म्हणाली होती.

"असू दे," आई म्हणाली. "इथं फार शांत झालंय."

मग दोघी निघाल्या.

आता ताई तिच्याच खांबाला टेकून उभी होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. लंबूनं नेहमीसारखी मान हलवली—ती मान वर्षानुवर्षं धाकटीसाठी हलायची, निदान तसं तिनं धरलं होतं—आणि ताई सहज, ओळख असल्यासारखी, हसली. बघा. आल्या आल्या.

मग टाकीचं गाणं लागलं. हे तिचं सगळ्यांत लाडकं. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या माणसाचं गाणं. ते चढत चढत जातं, प्लंबरचा आवाज फाटायला येतो, आणि एकदम सगळं थांबतं. काहीच वाजत नाही. नवखे हटकून तिथं टाळ्या वाजवतात, मग ओशाळून हात खाली घेतात, आणि जुनी मंडळी श्वास धरून उभी राहतात, ड्रमची वाट बघत. ही रिकामी जागा ज्याला ठाऊक, तो आपला. ताईला आधी सांगता आलं असतं. धाकटीनं सांगितलं नाही... वाजवू दे एकदा टाळी चुकीच्या जागी, कळू दे चारचौघांत हात हवेत राहणं कसं असतं ते.

गाणं थांबलं. हॉलमध्ये इकडेतिकडे टाळ्या फुटल्या, विझल्या.

ताई हलली नाही. तिचे ओठ किंचित उघडे होते, डोळे समोर, आणि तिच्या गळ्याची शीर उडत होती. सुई टोचायच्या आधी माणसं अशीच स्तब्ध होतात. कुणी शिकवलं हिला? आपल्याला तर दोनदा ओशाळावं लागलं होतं तेव्हा कुठे... आणि मग तिच्या लक्षात आलं, की सगळे नाचताहेत. ड्रम केव्हाच सुरू झाला होता. तिला तो ऐकूच आला नव्हता.

मध्यंतर झालं तेव्हा ताईनं पदरानं मान पुसली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"इतकी वर्षं तू हे एकटीच ऐकत होतीस?"

"तुला आवडेल असं वाटलं नाही."

"तिकडे मी रेडिओसुद्धा लावायची नाही, त्याचं डोकं दुखायचं म्हणून," ताई म्हणाली. "दुपारभर घड्याळ ऐकायचं. आणि तू इथं... लबाड आहेस. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो गं."

हेवा. ताईच्या तोंडून. खाटेवर, फ्रॉकवर, पाहुण्यांसमोर ज्याची वाट बघून बघून तिनं वाट बघणंही सोडलं होतं, तो शब्द रबराच्या वासात, पंख्याखाली, इतक्या साध्या आवाजात आला की क्षणभर तिला वाटलं, पुन्हा म्हणायला सांगावं. गोड लागला तो. लागायला नको होता, हेही त्याच वेळी कळलं, तरी गोडी कमी झाली नाही.

दिवे मंद झाले.

"पुढं जाऊ या?" ताई म्हणाली.

"तू जा. मी इथंच बरी."

ताई गेली. माणसं बाजूला होत तिला वाट देत गेली, देतातच. खांब पुन्हा एकटीचा झाला. हात पसरले तरी कुणाला लागणार नव्हते. बाईंनी ड्रमवर काठी आपटली, हॉल उसळला, आणि धाकटी टाचा उंचावून त्या सगळ्या डोक्यांत एक डोकं शोधू लागली. ते सापडलं, हरवलं, पुन्हा सापडलं. ताईनं वळून आपल्याकडे बघावं, की अजिबात बघू नये—यातलं नेमकं काय हवंय, हे मात्र तिला काही केल्या ठरवता येईना.