खारट गोळ्यांची पुडी

"पैसे ठेव खिशात," ग्रीत्ये म्हणाली. "यान्नाच्या मुलाकडून मी पैसे घेत नाही."

एल्कोने पुढे केलेला हात तसाच ठेवला. दोघांच्या मधे, काउंटरवर, ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्यांची पुडी पडली होती. पुडीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं: 'काळी बोया'.

या नावासाठीच तो हेगहून गाडीने हार्लिंगनला आला होता. गोळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने हे नाव फार पूर्वी आपल्या मालकीचं म्हणून नोंदवून ठेवलेलं होतं. ग्रीत्येचा नवरा बंदरात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयांना रंग द्यायचा. तो गेला तेव्हा तिने दुकानाला हे नाव दिलं. गावाबाहेर कुणाला त्या नावाचा पत्ता नव्हता. मग ती टपालाने पुड्या पाठवू लागली आणि त्यांतली एक कंपनीच्या हाती लागली. कंपनीचे वकील म्हणजे एल्कोचं ऑफिस. तो वकील नव्हता. नोंदणीच्या तारखा सांभाळणं, पुरावे गोळा करणं, फायली लावणं, हे त्याचं काम.

"तू तिकडचाच ना?" वकीलबाई आनुक म्हणाली होती. "मग तूच जा. गिऱ्हाईक म्हणून विकत घे, पावती आण. पुडी फोडायची नाही, ती पुरावा आहे. खोटं बोलायचं नाही."

"तिथे मला ओळखतात."

"मग काय झालं? तुला लग्नाला नाही पाठवत मी."

फुकट दिलेली वस्तू म्हणजे विक्री नव्हे, आणि विक्रीच झाली नाही तर पुरावा कसला? एल्कोने नाणी काउंटरवर ठेवली. ग्रीत्येने बोटाने ती परत सरकवली.

"घ्या ना, ग्रीत्येबाई. असं बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही? आईला पुरून आलो, सगळे कॉफीला बसलो, आणि तू कपाला हात न लावता उठलास. गाडी चुकेल म्हणे. ते बरं दिसलं?"

दारापाशी उभी असलेली मासेवाली बाऊके खिदळली. "घेऊ दे गं पैसे. हेगच्या माणसाला फुकटचं पचत नाही."

"पचत नसेल तर राहू दे इथेच."

"मला पावती हवी आहे," एल्को म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

बाऊकेचं हसणं थांबलं. ग्रीत्येने पुडीवरचा हात उचलला.

"मूठभर गोळ्यांची पावती? कुणी पाठवलंय तुला?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायची परवानगी नव्हती. एल्को काउंटरच्या फळीकडे बघत राहिला. त्या फळीशी उभा राहून त्याने लहानपणी कितीतरी वेळा हात पसरला असेल.

"ऑफिसातून आलायस तू," ग्रीत्ये सावकाश म्हणाली. "नावाचं काम करणाऱ्या ऑफिसातून. यान्ना सांगायची. माझा एल्को नावं राखतो, म्हणायची. मला वाटायचं, चर्चच्या नोंदवहीत."

तिने नाणी गल्ल्यात टाकली. यंत्रातून कागद निघाला तो टरकावून त्याच्यापुढे आपटला.

"नीट वाच. नाव आलंय ना सगळं? नाहीतर पुन्हा यावं लागेल हेलपाटा घालत."

"आलंय."

"आता एक खा. इथे, माझ्यासमोर. शेवटी शेवटी तुझ्या आईच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. ही गोळी तेवढी चघळायची. एकीला अर्धी दुपार लागायची तिला. मी घरी नेऊन द्यायचे, तू यायचास त्याहून जास्त वेळा. खा एक, मग जा."

एल्कोची बोटं पुडीच्या दोऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"फोडता येत नाही मला."

"फोडता येत नाही! ऐकलंस का गं बाऊके? यान्नाच्या मुलाला पुडी फोडता येत नाही." तिने दाराकडे हात केला. "चालता हो."

गाडीत त्याने पुडी पारदर्शक पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि जोडावरून सही केली. ऑफिसात बसून निवेदन लिहिलं. दुकानदारीण आधी पैसे घेत नव्हती, हेही त्यात लिहिलं. आनुकने ते वाक्य खोडलं.

"हे कशाला?"

"झालं ते लिहिलं."

"विक्री झाली की नाही?"

"झाली."

"मग कथा नको, एल्को. सही कर."

त्याने सही केली.

खटला उभा राहिलाच नाही. ग्रीत्येने वकील केला नाही. एक नोटीस गेली, मग दुसरी, आणि हिवाळा सरता सरता तिने पाटी उतरवली. पाटी उतरवल्याचा फोटो टपालाने आला, सोबत एक शब्दही नव्हता. त्यात दारावर काहीच नाव नव्हतं. एल्कोने फोटो फायलीत लावला आणि फाईल बंद केली.

"ते पुराव्यांचं कपाट रिकामं कर," आनुक म्हणाली. "औषधासारखा वास येतोय तिथे."

सगळे जेवायला गेल्यावर त्याने पाकीट काढलं. कात्री त्याच्या सहीवरूनच फिरली. गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा दगड झाला होता. टेबलाच्या कडेवर आपटून त्याने एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. आधी खारट लागला. मग आणखी खारट.

फोन वाजला. उचलला की आधी ऑफिसचं नाव घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती.

"एल्को!" आनुक आतून ओरडली. ती जेवायला गेलीच नव्हती. "घेतोस का तो?"

एल्कोने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ती इतक्यात विरघळणार नव्हती. रिसीव्हरला हात न लावता तो बसून राहिला.